नानांची नेमणूक

धाकटी दारातूनच म्हणाली, "नाना, तुम्ही माझे बॉस आहात?"

पायातले बूट अजून निघाले नव्हते. एका हातात फोन होता, दुसऱ्या हातात माईंसाठी आणलेली फुलं, तीही खाली डोकं वर देठ अशी धरलेली. दर रविवारी दुपारी ती आईवडिलांकडे जेवायला यायची आणि आल्या आल्या आधी स्वयंपाकघरात शिरून भांड्यांची झाकणं उघडून बघायची. आज ती उंबऱ्यावरच अडली होती.

नाना टेबलाशी बसून काकडी चिरत होते. चौऱ्याहत्तर वर्षांचे नाना एकोणचाळीस वर्षं एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. छापखाना बंद पडल्याला नऊ वर्षं झाली होती, आणि तेव्हापासून औषधांच्या खोक्यांतले कागद, लिफ्टमधल्या सूचना आणि माईंची किराणा मालाची यादी एवढंच त्यांच्या नजरेखालून जात होतं. निदान घरातल्यांची अशी समजूत होती.

"कुणी सांगितलं तुला?" त्यांनी सुरी खाली ठेवली.

"कंपनीने! सकाळी मेल आली. पुनर्रचना. वर्षातली चौथी." धाकटीने फोन त्यांच्या नाकासमोर धरला. "हा आमच्या गटाचा तक्ता. ही खाली मी. माझ्या वर ही चौकट. चौकटीत नाव कुणा भलत्याचंच आहे आणि फोटो तुमचा आहे. नाना, हा स्वेटर माईने विणलाय!"

माई ओले हात पुसत बाहेर आल्या. त्यांनी फोन हातभर लांब धरला.

"फोटो छान आलाय हो," त्या म्हणाल्या.

"माई!"

"अगं, खरंच छान आलाय. पासपोर्टात किती ओढलेले दिसतात."

मग मात्र माईंच्या डोक्यात हळूहळू उजेड पडू लागला. गेले सात आठवडे नाना सकाळी नऊला वाचनालयात म्हणून जात होते आणि सहाला परत येत होते. येताना ते कधी पाण्याची बाटली आणत, कधी छत्री, एकदा तर पाठीवर टाकायची पिशवी. सगळ्यांवर एकच निळं चिन्ह. वाचनालयाला हल्ली बरे दिवस आलेले दिसतात, असं माईंना वाटलं होतं. त्यांनी जास्त खोलात जायचं टाळलं होतं, कारण ते सात आठवडे फार सुखाचे गेले होते. नऊ वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी यादीत 'साबूण' लिहिलं आणि कुणी त्याचा 'साबण' केला नाही.

"बसा सगळे," नाना म्हणाले. "मी सांगतो."

सगळे बसले. थोरला मुलगा आणि सून आधीच आले होते. थोरला सुतार. छापखान्यात जायचं नाकारून त्याने लाकूडकाम धरलं, त्यावरून बापलेक तीन वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते, आणि ते जेवणाचं टेबल त्यानेच बनवून, न बोलता, आणून ठेवलं तेव्हा ती गोष्ट मिटली. आज तो त्याच टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवत होता आणि कुणाकडेच बघत नव्हता.

"तू घराची किल्ली इथे विसरली होतीस," नाना धाकटीला म्हणाले. "ती द्यायला मी तुझ्या कंपनीत आलो. तुमच्या इमारती तीन. मी चुकीच्या इमारतीत शिरलो. सोमवार होता. खाली खुर्च्यांवर बरीच माणसं बसली होती, मीही बसलो. एक मुलगी आली आणि तिने विचारलं, नवीन का? मी त्या इमारतीत पहिल्यांदाच आलो होतो. हो म्हटलं."

"आणि?"

"आणि त्यांनी आम्हाला वर नेलं. फोटो काढला. ओळखपत्र दिलं. मी लगेच सांगितलं, नावात चूक आहे. ती म्हणाली, किती अक्षरांची? मी म्हटलं, सगळीच. ती म्हणाली, पुढच्या खेपेला दुरुस्त होईल, तोवर चालवून घ्या."

"आणि तुम्ही चालवून घेतलंत? तुम्ही? लग्नपत्रिकेत एक अनुस्वार राहिला म्हणून दादाच्या दोनशे पत्रिका परत पाठवल्या होत्या तुम्ही!"

"मी दर सोमवारी अर्ज करतो," नाना दुखावल्यासारखे म्हणाले. "सात अर्ज झाले."

धाकटीने कपाळ दोन्ही हातांत धरलं. ती त्या कंपनीत अडीच वर्षं होती, आणि त्या कंपनीच्या हिशेबात अडीच वर्षं म्हणजे एक युग. ती आली तेव्हा सगळी माणसं एका खोलीत मावायची; कोण चहात साखर घेतो आणि कोणाच्या मुलाला ताप आहे हे तिला पाठ असायचं. खुर्च्या तिने आणल्या, फोन तिने घेतले, लोकांना घरबसल्या रांगेत नंबर लावता यावा म्हणून ते जे काय बनवत होते त्यातलं पहिलं वाक्यही तिनेच लिहिलं. आता नऊशे माणसं होती. दर सोमवारी नवे चेहरे यायचे. रांगा संपवणाऱ्या त्या कंपनीत लिफ्टला रांग होती, कॉफीला होती, स्वच्छतागृहाला होती. बैठकीच्या खोल्यांची नावं दर दोन महिन्यांनी बदलायची, त्यामुळे माणसं जुन्या नावाच्या खोलीत जाऊन भलत्याच बैठकीत तासभर मान डोलावून यायची. मागच्या महिन्यात, येऊन तीनच आठवडे झालेल्या एका पोराने तिला तिनेच लिहिलेली माहिती पडद्यावर दाखवून समजावून सांगितली होती, आणि शेवटी विचारलं होतं, "लक्षात येतंय ना?"

"पण तुम्हाला बढती कशी मिळाली?" तिने विचारलं. आवाज नको तेवढा बारीक झाला होता.

"दोनदा मिळाली," नाना म्हणाले. "तुमचं ते यंत्र दवाखान्यात थांबलेल्या लोकांना निरोप पाठवायचं. नंबर आला की लिहायचं, 'तुमची वेळ भरली आहे.'"

माईंनी पदर तोंडाला लावला.

"हसू नकोस. म्हाताऱ्या माणसांना हृदयविकाराच्या दवाखान्यात बसवून हे सांगायचं? मी तिथे 'आता तुमची पाळी, आत या' असं केलं. तक्रारी थांबल्या. मग ते म्हणाले, तुम्ही आता प्रमुख. मी म्हटलं, कशाचा? ते म्हणाले, ते ठरतंय."

"ते तुम्ही केलंत?" वहिनी एकदम ताठ झाली. ती एका दंतवैद्याच्या दवाखान्यात काउंटरवर बसायची आणि तिथे हेच यंत्र होतं. "नाना, महिनाभर झाला, माझ्यावर कुणी ओरडलेलं नाही! आधी रोज एकजण तरी तो निरोप दाखवून भांडायचा. मी समजत होते, लोक सुधारले."

"वहिनी, मुद्दा तो नाहीये," धाकटी म्हणाली.

"माझ्यासाठी तोच मुद्दा आहे. नानांनी मुळीच सोडू नये."

"मलाही तसंच वाटतं," माई चटकन म्हणाल्या. "घरात बसून माणूस गंजतो."

"अगं, पण ते खोट्या नावाने तिथे बसलेत!" धाकटीने भावाकडे मान वळवली. "दादा, तू तरी सांग. तू गप्प का?"

थोरल्याचा अंगठा टेबलाच्या कडेवर थांबला. नऊशे माणसांना टेबलं लागतात, आणि ती टेबलं गेले वर्षभर त्याच्याच कारखान्यातून जात होती. बहिणीनेच ते काम मिळवून दिलं होतं. त्याने घसा साफ केला.

"मला माहीत होतं," तो म्हणाला.

वहिनीने नवऱ्याकडे असं पाहिलं, की हा विषय आपल्या घरी वेगळा निघणार हे त्याला कळलं.

"महिना झाला असेल. सातव्या मजल्यावर टेबलं पोचवायला गेलो होतो. काचेच्या खोलीत नाना उभे होते. फळ्याजवळ. बोलत होते आणि आठ माणसं लिहून घेत होती. पोचपावतीवर नानांनीच सही केली. मी काही बोललो नाही, तेही बोलले नाहीत."

"आणि मला सांगावंसं वाटलं नाही तुला?"

"वाटलं. खाली येऊन फोनही काढला होता. पण..." शब्द शोधणं हे थोरल्याचं काम नव्हतं. "लहानपणी मी छापखान्यात जायचो तेव्हा नाना कोपऱ्यात, दिव्याखाली, पाठमोरे. त्यांच्याशी कुणी बोलायचंच नाही. चूक राहिली तरच हाक यायची. त्यांचं ऐकताना माणसं मी पहिल्यांदा बघितली. म्हटलं, चालू दे."

नानांनी काकडीचे काप सरळ रांगेत लावायला घेतले.

धाकटीला रडू येत होतं, आणि ते कशामुळे येतंय हे कळत नव्हतं म्हणून रागही येत होता. अडीच वर्षं तिने त्या कंपनीसाठी हाडांची काडं केली होती. तिला बढती कधी मिळालीच नव्हती. प्रत्येक पुनर्रचनेत ती जिथल्या तिथे राहायची आणि तिच्या डोक्यावर नवी चौकट यायची. आणि नाना किल्ली द्यायला आले नि सात आठवड्यांत वर जाऊन बसले. शिवाय घरातले सगळे त्यांच्या बाजूने.

"मी उद्या जाऊन खरं सांगणार आहे," ती म्हणाली.

"मीही तेच म्हणणार होतो," नाना म्हणाले. "पण त्याआधी एक काम आहे. उद्या चारपर्यंत मला एक यादी द्यायची आहे. आपल्या गटात तेवीस माणसं आहेत. त्यांतली अकरा काढायची आहेत."

आता माईसुद्धा बसल्या.

"काढायची म्हणजे?"

"कमी करायची. कोणती, ते मी सांगायचं."

धाकटीने विचारलं, "मी आहे त्यात?"

"मी गटाचा तक्ता अजून उघडलेला नाही. एकट्याने तपासलं की नजर चुकते. तुझी वाट बघत होतो." नाना उठले. "चल. तू वाच."

जेवण तसंच राहिलं. दोघं आतल्या खोलीत खिडकीपाशी बसली. छापखान्यात एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची आणि दुसऱ्याने छापलेल्या ओळीवर बोट ठेवून तपासायचं, अशी रीत होती. शाळेच्या सुट्टीत धाकटी नानांसाठी अशीच वाचायला बसायची, अर्थ न कळणारी पानंच्या पानं. तिने कंपनीचा तक्ता उघडला. नानांनी पेन्सिलीला टोक केलं आणि गटातली माणसं कुठे बसतात, काय करतात याची स्वतःच्या अक्षरातली वही पुढे घेतली.

"चारशे बारा," धाकटी वाचू लागली. "चाचणी. दुसरी इमारत."

"चष्मेवाला. शिंकतो. आहे."

"सहाशे सत्तर. चाचणी, वरिष्ठ. तिसरी इमारत."

नानांचं बोट थांबलं. "चष्मा?"

धाकटीने फोटो मोठा केला. "हो. अहो... तोच आहे हा. फेब्रुवारीत त्याची जागा बदलली. तिसऱ्या इमारतीत नवा नंबर दिला आणि जुना तसाच राहिला."

"दुबार जुळणी," नाना म्हणाले आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही समाधान पसरलं की धाकटीला त्या गडबडीतही हसू आलं. "एकच ओळ दोनदा छापली गेलीय. पुढे."

पुढे असेच निघत गेले. जागा बदलली की माणूस नवा व्हायचा आणि जुना मरायचा नाही. शिवाय तीन जण असे होते की जे सोडून गेले होते, एकाच्या निरोपाचा केक तर धाकटीनेच कापला होता, पण तक्त्यात ते अजून कामाला होते आणि त्यातल्या एकाला उत्कृष्ट कामगिरीचा शेराही होता.

"नऊ," धाकटीने वाचलं. "म्हणजे मी. पहिली इमारत." ती खाली सरकली आणि थबकली. "पाचशे एक. तीही मीच. नाना, मीही दोनदा आहे."

नाना वाकून बघू लागले. त्यांनी रेघ वरून खाली दोनदा तपासली. "तुझी एक प्रत दुसऱ्या प्रतीच्या हाताखाली आहे."

"म्हणून माझी रजा मंजूर होत नव्हती!" धाकटी ओरडली. "चार महिने मी विचारतेय, अर्ज कुणाकडे अडकलाय? माझ्याकडेच अडकला होता!"

बाहेर बसलेल्या तिघांना आतून नाना हसल्याचा आवाज आला. वहिनीने माईंकडे पाहिलं. माई म्हणाल्या, "वाढ आता. होतंय त्यांचं."

आठ दुबार आणि तीन गेलेले. बरोबर अकरा.

दुसऱ्या दिवशी चार वाजता दोघं कॅप्टनसमोर बसली. कॅप्टन म्हणजे कंपनीचा संस्थापक. एकतीस वर्षांचा, सभ्य, सदा घाईत असलेला. धाकटीने त्याला जमिनीवर बसून डबा खाताना पाहिलं होतं, हल्ली तो तिला जिन्यात भेटला की "तुम्ही कोणत्या गटात?" असं मायेने विचारायचा.

"अकरा!" यादी बघून तो म्हणाला. "तुम्ही पहिलेच, ज्यांनी वेळेत दिली. कठीण गेलं असेल ना?"

"नाही," नाना म्हणाले. "ही माणसं नाहीतच."

सगळं सांगून व्हायला दहा मिनिटं लागली. कॅप्टनने मध्येच पाण्याचा पेला उचलला आणि तो न पिता हातात धरून ठेवला.

"म्हणजे सगळ्या कंपनीत असंच असेल तर..."

"नऊशेतली निदान तीनशे तरी नसतील," धाकटी म्हणाली.

"पण तीन महिन्यांत आपण तीनशेने वाढलो! मी सगळीकडे सांगितलंय."

"वाढलो नाही," नाना म्हणाले. "दोनदा छापलो गेलो."

कॅप्टन खिडकीकडे गेला. परत आला. मग अचानक त्याचा चेहरा उजळला. "म्हणजे कुणालाच काढायला नको!"

पाच वाजता त्याने सगळ्यांना खाली बोलावलं आणि थोरल्याने बनवलेल्या एका टेबलावर चढून जाहीर केलं, की एकाही माणसाला न काढता कंपनी तीनशे माणसांनी कमी झाली आहे. प्रचंड टाळ्या झाल्या. टाळ्या वाजवता वाजवताच काही जण फोनवर, आपण त्या तीनशेत आहोत का, हे बघत होते.

तो खाली उतरताच नानांनी त्याला गाठलं. "एक दुरुस्ती राहिली. मी."

कॅप्टनने ओळखपत्र पाहिलं, नानांकडे पाहिलं, पुन्हा ओळखपत्र पाहिलं. त्या नावाचा गृहस्थ रुजू व्हायलाच आला नव्हता, हे त्याच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला.

"तुमच्या पगाराचं काय मग?"

"तो मी घेतलेला नाही. जेवण घेतलं. त्याबद्दल आभार. आता मला रीतसर मोकळं करा."

"तेच तर करता येत नाही," कॅप्टन खरोखरच अडचणीत पडल्यासारखा म्हणाला. "मोकळं करायचं तर आधी तुम्ही असायला पाहिजे. आणि असायचं तर मुलाखती द्यायला पाहिजेत. चार."

नानांनी कार्यपद्धती कधी मोडली नव्हती. त्यांनी मुलाखती दिल्या. पहिल्या फेरीत त्यांना गाळलेल्या जागा भरायला दिल्या, त्यांनी त्या भरून प्रश्नपत्रिकेतल्या सहा चुकाही दाखवल्या. दुसऱ्या फेरीत विचारलं, पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता? नाना म्हणाले, "एकोणऐंशीवर." तिसऱ्या फेरीत मुलाखत घेणारा नवीन होता, त्याने नानांनाच विचारलं की मुलाखत कशी घेतात, आणि नानांनी दाखवलं.

चौथी फेरी गटप्रमुखाची. नाना उतरल्यामुळे ती चौकट रिकामी झाली होती आणि कॅप्टनने तिथे धाकटीला बसवलं होतं. गुरुवारी दुपारी तीन वाजता नाना काचेच्या खोलीत आले. कडक इस्त्री केलेला शर्ट, वहीत अर्ज. धाकटीच्या समोर फॉर्म होता, त्यात दोनच रकाने: घ्यावे, घेऊ नये.

तिला सकाळपासून काही सुचत नव्हतं. सोमवारी माईंचा फोन आला होता, मंगळवारी वहिनीचा. दोघींनी अजिबात दडपण आणलं नव्हतं, फक्त तीनतीनदा विचारलं होतं की गुरुवारच ना. थोरल्याचा आला नाही. त्याने नवीन टेबल पाठवलं होतं, नानांच्या उंचीचं.

"बसा," ती म्हणाली. "तुम्हाला मोकळं व्हायचंय, की राहायचंय?"

नानांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "मोकळं व्हायला आलो होतो. रीतसर." मग ते टेबलाकडे बघत म्हणाले, "पण विचारतेस म्हणून सांगतो. राहायला आवडेल. घरी मला कुणी काही विचारत नाही."

बाहेरून दोघांनी काचेवर टकटक केलं. साडेतीनला ती खोली त्यांची होती. धाकटीने त्यांना हातानेच थांबवलं. तिला मुलाखतीतला ठरलेला पुढचा प्रश्न विचारायचा होता. तिच्या तोंडून निघाला तो भलताच.

"माझं काम कसं आहे, नाना? सात आठवडे तुम्ही ते वाचलंत. मला इथे हे कुणी सांगितलेलं नाही."

नानांनी उभ्या आयुष्यात कुणाची स्तुती केली नव्हती. बरोबर असलेल्या ओळीवर खूण करायची नसते, हीच त्यांची शिस्त होती.

"सगळं वाचलं," ते म्हणाले. "पहिल्या दिवसापासूनचं. दोन हजार पानं होतील. एक चूक सापडली."

"एकच?"

"एकच. अगदी पहिल्या पानावर. कंपनीची ओळख आहे तिथे तू लिहिलंयस, 'आम्ही बारा जण आहोत.' मी तेव्हाची नावं काढून मोजली. तेरा होतात."

"बाराच होतो आम्ही." धाकटीने बोटांवर मोजायला सुरुवात केली. खुर्च्या कुठे होत्या ते तिला आठवत होतं, खिडकीपासून दारापर्यंत. बारा झाले. ती पुन्हा खिडकीपासून मोजू लागली, आणि दाराशी पोचल्यावर तिचं बोट हवेतच राहिलं.

"तू स्वतःला धरलं नव्हतंस," नाना म्हणाले.

काचेवर पुन्हा टकटक झाली. धाकटीने फॉर्म पुढे ओढला, 'घ्यावे'वर खूण केली आणि खाली सही केली. मग तिने नानांची पेन्सिल मागून घेतली, पहिलं पान पडद्यावर उघडलं होतं तरी छापून आणायला लावलं, बाहेरच्यांना आणखी पाच मिनिटं ताटकळवलं, आणि बारावर काट मारून त्याच्या डोक्यावर नीट, ठळक लिहिलं: तेरा.